हातचा एक

वार्सेनिक पुढे चालते, मी दोन पावलं मागे.
ती सांगते, मी लिहितो.
उजवीडावीकडे अडीच-अडीच मीटर, समोर पाच, डोक्यावर पाच,
हवेच्या एवढ्या खोक्यात जे शिरेल तेच आपलं.
मागून उडालं ते आपलं नाही.
हा नियम तिला सेनेकेरिमने घालून दिला.
तेवीस उन्हाळे तो ही घळ चालला,
आता त्याचे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत,
दर शनिवारी फोन करतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही,
"किती?"

पट्टा पहिला, पुलापासून जळक्या अक्रोडापर्यंत.
वारा दोन. ढग दहा टक्के. तापमान एकवीस.
लाल कड्यावरून ऊन शेळीसारखं उतरतंय,
मध्येच थांबतंय, मान वळवून बघतंय.
"पिवळं, दोन. ठिपक्यांचं तपकिरी, एक. थांब,
एक नाही, तीन."
मी खोडतो, तीन करतो.
खोडरबर वापरायचं नाही, हाही नियम:
चूक दिसली पाहिजे.

गावात या सगळ्यांना एकच शब्द, तितेर.
वहीत त्यांची एकशे बारा नावं,
लॅटिन, लांबलचक, लग्नातल्या पाहुण्यांसारखी.
माझ्या तोंडात ती बसत नाहीत, हातात बसलीत.

चौथ्या पट्ट्यावर मेंढपाळाचं गाढव मुतून गेलं होतं.
त्या ओल्या मातीवर निळी, चिमुकली,
पंख मिटून, सोंड खुपसून,
कुणी आकाशाचा कागद फाडून टाकावा तशी.
"एकेचाळीस!" वार्सेनिक हसली, पहिल्यांदाच आज.
"गाढवाचं नाव वहीत घालू या."
मेंढपाळाने टोपी मागे सरकवली,
"माझ्या मेंढ्या मोजायला सरकार कधी आलं नाही,
यांना काय, लोकर आहे?"
आणि आम्हाला लवाशात गुंडाळलेलं खारट चीज दिलं.
पाच मिनिटं. घड्याळ थांबवून. तेही वहीत.

सातवा पट्टा, झऱ्यापासून वाकड्या दगडापर्यंत.

सेनेकेरिमच्या अक्षरात: जुलै, निळी, दोनशे सहा.
पुढच्या वर्षी: एकशे नव्वद.
पुढे: "मोजता आली नाहीत, फार होती."
त्या पानावर चहाचा डाग आहे.

आता वाळू कोरडी. कडेला शेवाळाची काळी रेघ,
पाणी इथवर होतं, एवढंच सांगणारी.
आणि दगडाआडून निघालेला निळा पाइप
खाली जातो, जर्दाळूंच्या बागेतून,
आमच्या तळ्यात.
ट्राउट. दोन हजार पिल्लं. बँकेचं कर्ज.
खंदक मीच खणला होता, गेल्या मार्चमध्ये,
वडील पाइप धरून उभे, म्हणत होते,
"त्सोलाक, सरळ खण, पाणी वाकड्यात जात नाही."

वार्सेनिकला माहीत आहे. गावात कुणाला माहीत नाही?
रविवारी तिनेही आमच्याकडचा मासा खाल्ला,
काटे ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवले,
मोजल्यासारखे.

ती चालते. तोच वेग. समोर बघत.
अडीच मीटर. अडीच मीटर. पाच.
वाकडा दगड येतो.
"सात," ती म्हणते. पुढे काहीच म्हणत नाही.

मी चौकटीत शून्य काढतो.
रिकामं सोडायचं नाही, सेनेकेरिमचा नियम:
रिकामी चौकट म्हणजे आपण आलोच नाही,
शून्य म्हणजे आलो, आणि बघितलं.
माझं शून्य जरा मोठंच येतं,
पाइपाच्या तोंडाएवढं.

तेवढ्यात मानेमागे काहीतरी हललं.
वळलो. एक, निळं,
पाइपाच्या सांध्याशी, जिथून थेंब गळतो
(वडील दर आठवड्याला तो सांधा आवळतात),
त्या थेंबाखालच्या नखभर चिखलावर.
मागचं. खोक्याबाहेरचं.
"वार्सेनिक," मी म्हणालो.
"दिसलं," ती म्हणाली, न वळता,
"नियम म्हणजे नियम. आठवा पट्टा लाव."

मी समासात एक बारीक रेघ मारली,
शाळेत बेरीज करताना
हातचा एक लिहून ठेवायचो, तशी.
कुठल्या रकान्यात मिळवायचा, ते ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पाना वडिलांनी मागितला.
मी म्हणालो, सापडत नाही.
तो माझ्या पिशवीत होता, वहीखाली.
शनिवारी फोन वाजेल.